दिवसा खराटा, रात्री कीर्तन

मोहाची फुलं पहाटे गळतात. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आधी टोपलं घेऊन माणसं झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि गुरं, चितळ, अस्वल हेही वाटेकरी असतात. पण झाडाखाली पानांचा थर असतो. फिक्या पिवळट, बोराएवढ्या फुलांना त्यात शोधणं म्हणजे कमरेचा काटा ढिला करणं. म्हणून हंगामाच्या तोंडावर झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, जमीन काळी करून घ्यायची. काळ्या जमिनीवर फूल लांबूनही दिसतं. काडी एका झाडाखालच्या पाचोळ्यापुरतीच लावलेली असते. लावणारा घरी जातो, दुपारी वारा सुटतो, आणि धुमसणारं एखादं खोड वाऱ्याच्या वाटेवर असतं.

वर्धा जिल्ह्याचं नाव घेतलं की सेवाग्राम, पवनार आणि कापूस आठवतो. जंगल सहसा कोणाला आठवत नाही. पण सेलू तालुक्यात हिंगणीजवळ बोर अभयारण्य 1970पासून आहे. 2014मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा सुमारे 138 चौरस किलोमीटरचा तो देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता. कारंजा, आर्वी आणि आष्टी या तालुक्यांत डोंगरउताराची जंगलं आहेत, समुद्रपूरकडे गिरडची टेकडी आहे. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस, बांबू असं हे कोरडं, पानगळीचं रान. साग जानेवारीपासून पानं टाकू लागतो. सागाचं पान मोठं, वाळल्यावर ते वळतं, त्याखाली हवा खेळती राहते. आग लागायला यापेक्षा बरी मांडणी कोणी मुद्दाम करूनही जमणार नाही. त्यातून उतार असला तर आग वरच्या दिशेला पळत सुटते, कारण ज्वाळा पुढच्या पाल्याला आधीच भाजून ठेवतात.

मोह हे एक कारण. दुसरं तेंदूपत्त्याचं. जाळलं की नवी पालवी लुसलुशीत, मोठी फुटते असा समज आहे. तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण बोरी. पान चांगलं तर चार पैसे जास्त, मग काडी लावायचा मोह होतोच. तिसरं कारण गवताचं. आर्वीच्या बाजूला गौळाऊ गाईंचे कळप राखणारे गवळी आहेत, आणि जुनं, टणक गवत जाळलं की हिरवा कोंब फुटतो हे कुठल्याही गुराख्याला माहीत असतं. चौथं कारण जंगलातलं नाहीच, ते शेतातलं आहे. कपाशी निघाली की पऱ्हाट्या पेटवायच्या, धुरे म्हणजे वावरांचे बांध पेटवायचे. जंगलाला लागून असलेल्या वावरातला पेटता धुरा हा वणव्याचा सरळ रस्ता. विडीचं थोटूक, वाघाच्या भीतीनं पायवाटेकडेची झुडपं जाळणं, जुनी भांडणं, ही कारणं त्यानंतर येतात. वीज पडून लागलेली आग आपल्याकडे अपवादच. आपला वणवा माणसाच्या हातून सुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्या हाताला दुसरं काहीतरी काम करायचं असतं.

वणव्याबद्दलच्या सगळ्या लोकशिक्षणाची गोम इथे आहे. 'जंगल वाचवा' असं भिंतीवर लिहिणारा असं गृहीत धरतो की वाचणाऱ्याला जंगलाची किंमत माहीत नाही. ज्याच्या घरात मोहफुलांचं पोतं आहे त्याला ती किंमत भिंत रंगवणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असते. कायदाही त्याला माहीत असतो. 1927च्या भारतीय वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच, शिवाय त्याच्या 79व्या कलमानं जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकावर आग विझवायला मदत करण्याचं बंधन घातलं आहे. हे बंधन शंभरीला आलं. त्यानं वणवे थांबले असते तर या लिखाणाची गरजच पडली नसती.

यंत्रणाही पुष्कळ आहे. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतात आणि त्याआधी वन विभाग जाळरेषा काढतो. जंगलात पट्टे आखून त्यावरचं गवत कापायचं, पाला नियंत्रणाखाली जाळून टाकायचा, म्हणजे आलेली आग तिथे उपाशी मरते. हंगामी आगरक्षक नेमले जातात, पाला उडवणारे ब्लोअर दिले जातात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना पाठवते. आताचे उपग्रहावरचे डोळे 375 मीटरच्या चौकटीतली आग टिपतात. पण उपग्रह ठरल्या वेळी डोक्यावरून जातो. तो गेल्यावर पेटलेली आग त्याला पुढच्या फेरीतच दिसते. मोहाखाली बसलेल्या म्हातारीला ती त्याच क्षणी दिसते. तिला 1926 हा वन विभागाचा मदत क्रमांक पाठ असेल, तर सर्वांत जलद इशारा तिचाच.

म्हणजे माहिती आहे, कायदा आहे, यंत्र आहे. नाही ती वेळेआधी, एकत्र येऊन, कंटाळवाणं काम करण्याची सवय. आणि या एका बाबतीत विदर्भाकडे जी परंपरा आहे तिला तोड नाही.

गाडगेबाबांचा जन्म 1876चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांच्याबद्दल शाळेत जे शिकवतात त्यातून एक साधी गोष्ट निसटते: त्यांच्या कार्यक्रमाचा क्रम. गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे. रस्ता, ओढा, देवळाचं आवार झाडायचे. लोक बघत राहायचे, मग लाजेनं का होईना, हातभार लावायचे. कीर्तन रात्री. ज्या माणसानं दिवसभर आपलं अंगण झाडलं त्याचं रात्री कोण ऐकणार नाही? आणि कीर्तनही कसं, तर प्रश्नोत्तराचं. बाबा विचारायचे, लोक ओरडून उत्तर द्यायचे, आणि चार उत्तरांनंतर आपणच आपल्याला पकडून दिलंय हे लोकांच्या लक्षात यायचं. या पद्धतीत उपदेश करणारा कोणी उरत नाही. कबुली गर्दीच्याच तोंडून येते.

वणव्याला हा साचा अंगच्या कपड्यासारखा बसतो. मोहाखालची आग टाळायचा उपाय काय? पाला झाडून काढणे. खराटा! झाडाखालचा घेर साफ करायचा, पाला दूर नेऊन ढीग करायचा किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकायचा. जिथे जमेल तिथे झाडाखाली जाळी अंथरायची, म्हणजे फूल स्वच्छ मिळतं, मातीचं आणि राखेचं मिळत नाही, आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त राहत नाही. जाळरेषा काढणं हेही मुळात झाडण्याचंच काम. वणव्याची तयारी म्हणजे नव्वद टक्के खराटा, असं म्हटलं तर वनरक्षक आकड्यावरून वाद घालतील, मुद्द्यावरून नाही.

तेव्हा एखाद्या कलापथकाला हिंगणीच्या आसपासच्या गावात कार्यक्रम करायचा असेल तर त्यानं सकाळीच यावं. गावातल्या चार मोहांखालचा पाला लोकांबरोबर झाडावा. रात्री खंजेरी, पेटी, आणि असा काही संवाद:

'मोहाखाली काडी कोन लावते?'

'आमीच लावतो.'

'काऊन?'

'फुलं दिसत नाही म्हून.'

'फुलं दिसते. मोहाचं पोट्टं दिसते का कुठी?'

इथे गर्दी गप्प होईल, कारण पोट्टं दिसत नाही. दरवर्षी जळणाऱ्या जागेत मोहाचं बी रुजतं आणि पुढच्या उन्हाळ्यात रोप मरतं. मध्य भारतातल्या कितीतरी गावांत मोह आहेत ते सगळे आजोबांच्या वयाचे, नातवंडं नाहीत. ही गोष्ट भाषणात सांगितली तर ती परिसंस्थेची माहिती होते. प्रश्न म्हणून आली तर ती घरातली अडचण होते, आणि घरातल्या अडचणीवर माणूस हालचाल करतो.

कलेनं माणसं हलतात याचा वर्धा जिल्ह्यातला सर्वांत मोठा पुरावा मात्र खराट्याचा नाही, तो उठावाचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरीवरची भजनं 1942च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात या भागात घुमत होती. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, चंद्रपूरकडच्या चिमूरमध्येही उठाव झाला. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. इंग्रज सरकारला भजनाची ताकद कळली होती असं म्हणायला हरकत नाही.

याच जिल्ह्यात वणव्यासाठी गाणं करणारा कलावंत सहजच या वाटेनं जाईल: रणशिंग, वीर, आगीशी झुंज. मला हा मोह मोहफुलांपेक्षा धोक्याचा वाटतो. एप्रिल 2021मध्ये नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा मृत्यू झाला. वारा फिरला की हिरव्या फांदीनं आग झोडपणारा माणूस काही क्षणांत मधोमध सापडतो. गाण्यात 'आगीत उडी घे' म्हणायचं आणि पोरगं खरंच चपलेनिशी उडी घ्यायचं, हे व्हायला वेळ लागत नाही. चांगल्या गाण्यानं उलट शिकवावं: उताराच्या वरच्या अंगाला उभं राहू नको, जळून काळी झालेली जागा ही सुरक्षित जागा, एकटा जाऊ नको, पाण्याची बाटली आणि सुती कपडे, नायलॉनचा शर्ट नको, आधी 1926. आणि ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या तर मागे फिर. मागे फिरणाऱ्यावर गाणं रचणं अवघड आहे, हे मान्य. पण ते रचता आलं पाहिजे. चांगला शाहीर आणि नुसता आवाजाचा माणूस यांतला फरक इथेच कळतो.

शांत कामासाठी गाणं चालतं का? चालतं, आणि हाही वर्ध्याचाच दाखला आहे. पानी फाउंडेशनची पाणी अडवण्याच्या कामाची वॉटर कप स्पर्धा 2017मध्ये 8 एप्रिल ते 22 मे अशी झाली. पंचेचाळीस दिवस, डोक्यावर ऊन, हातात कुदळ, आणि काम असं की त्याचं फळ पावसाळ्याशिवाय दिसणार नाही. त्या वर्षी राज्यात पहिलं आलं ते आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलाम आदिवासींचं छोटं गाव. बक्षीस पन्नास लाखांचं. त्या मोहिमेत गाणी होती, खेळ होते, 'तुफान आलंया' हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम होता. पण गाणं कामाच्या जागी वाजत होतं आणि त्याला तारीख बांधलेली होती. पावसाआधी चर खणायचे तसे 15 फेब्रुवारीआधी पट्टे झाडायचे. दोन्ही कामांना पंचेचाळीस दिवस पुरतात. मातीचे बांध घालून जे पाणी काकडदऱ्यानं अडवलं त्याला वरच्या डोंगराचा पाला जाग्यावर असावा लागतो, हेही इथे सांगून टाकतो. जळलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात सुटते आणि चर बुजवते. पाण्याचं काम केलेल्या गावाला वणव्याचं काम वेगळं शिकवायला नको.

चित्रांकडे वळू. सरकारी भिंतींवरच्या चित्रांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. राज्यात कुठेही जा, आदिवासी म्हटलं की वारली चित्रं. वारली पालघरचे, आर्वीच्या कोलामानं त्या त्रिकोणी माणसांत स्वतःला का ओळखावं? शिवाय विकत घेतलेलं चित्र पावसाळाभर टिकलं तरी गावात कोणाचंच होत नाही.

सेवाग्राममध्ये यापेक्षा चांगला धडा पडून आहे. वर्ध्यात ऑक्टोबर 1937मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिकण्याची, कल्पना पुढे आली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद 1944मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि पुढची बरीच वर्षं राहिले. ते कुंभार होते, चित्रकार होते, पण त्यांचा मुख्य विषय मुलांची कला हा होता. मुलानं काढलेलं चित्र किती सुंदर यापेक्षा ते काढताना मूल काय नीट पाहायला शिकलं, याकडे त्यांचं लक्ष असे. हाच विचार धरला तर वणव्याचं भित्तिचित्र रंगाऱ्यानं काढायचं नाही. शाळेतल्या मुलांनी गावाचा नकाशा भिंतीवर काढायचा: कुठले मोह कोणाच्या घरचे, कुठल्या वावराचा धुरा जंगलाला चिकटलाय, पाणी कुठे, गुरं कुठून जातात, वारा दुपारी कुठून येतो, मागच्या वर्षी काय जळलं. हे काढण्यासाठी मुलांना आजीला विचारावं लागेल, गुराख्याला विचारावं लागेल. चित्र पुरं होईपर्यंत निम्म्या गावाशी बोलणं झालेलं असेल. धुरा पेटवणाऱ्या बापाला त्याच्याच लेकीनं काढलेल्या नकाशात आपलं वावर लाल रंगात दिसलं, तर वनरक्षकाच्या नोटिशीची गरज पडेलच असं नाही.

हे स्वप्नरंजन नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009च्या वणव्यांत 173 माणसं गेली. स्ट्रॅथवेन नावाच्या वस्तीची शाळाच जळून गेली. शाळा पुन्हा उभी राहिल्यावर तिथल्या मुलांनी स्थानिक अग्निशमन स्वयंसेवकांबरोबर वणव्याचा अभ्यास सुरू केला, आणि जे शिकलं ते मातीच्या बाहुल्यांच्या चलच्चित्रातून मोठ्यांना सांगितलं. धोक्याच्या दिवशी घर कधी सोडायचं, हे आईबापांना पोरांनी समजावलं. आपल्याकडे मातीला काय तोटा!

उलटा धडा अमेरिकेचा. तिथे 1944मध्ये वन खात्यानं टोपी घातलेलं एक अस्वल जन्माला घातलं, स्मोकी नावाचं. जगातली बहुधा सर्वांत गाजलेली वणवाविरोधी कलाकृती. ते इतकं लाडकं झालं की पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात आग म्हणजे पाप असं समीकरण बसलं. पण तिथल्या मूलनिवासी लोकांनी शतकानुशतकं लहान लहान आगी लावूनच जंगलं राखली होती. प्रत्येक आग विझवण्याच्या धोरणानं जंगलात जळण साचत गेलं आणि पुढे लागलेल्या आगी राक्षसी झाल्या. दोष एकट्या अस्वलाचा नाही, पण सोप्या घोषणेचा आहे. आपल्याकडे वन विभाग स्वतःच जाळरेषा जाळतो, मग गावाला 'आग नकोच' कुठल्या तोंडानं सांगणार? सांगायचं ते असं: कोणी, कुठे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती जण उभे असताना. पऱ्हाटी जाळायचीच असेल तर जंगलाकडच्या अंगाला आधी नांगराचे तास मारून मोकळा पट्टा ठेवायचा, सकाळच्या शांत हवेत पेटवायची, विझल्याशिवाय जेवायला जायचं नाही. एवढ्या बारकाव्याचं गाणं होतं का, अशी शंका असेल तर लग्नातली उखाण्यांची मैफल ऐकावी. घरातल्या भांड्यांची यादी जिथे यमकात बसते तिथे हे का बसू नये?

आगीला शिस्त लावणारी एक कला तर गावाकडे आहेच, ती म्हणजे होळी. पोरं आठवडाभर शेणाच्या चाकोल्या करून माळा ओवतात, जागा साफ करतात, गाव गोल उभं राहतं, आग ठरलेल्या जागेत पेटते आणि तिथेच संपते. नेमकी वणव्याच्या हंगामात! होळीच्या रात्री गाव जमलेलंच असतं. वेगळी सभा भरवायला नको. जाळरेषेच्या कामाला फाल्गुन उशिराचा, पण मोहाच्या पाल्याला अगदी वेळेवरचा.

त्याआधीचं काम दंडारीकडे द्यावं. गोंड आणि कोलाम गावांत दिवाळीच्या सुमाराला दंडार निघते, एका गावचे नाचे दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. वणवा शीव पाहत नाही, म्हणून वणव्याचा करारही दोन गावांत व्हावा लागतो: तुमच्याकडून धूर दिसला तर आमची दहा माणसं येतील, आमच्याकडून दिसला तर तुमची. दंडारीचा पाहुणचार हा असल्या करारासाठीच जणू ठेवलेला आहे. गाणं कोलामीत, गोंडीत असू द्यावं. वन अधिकाऱ्याला ते कळलं नाही तरी फारसं बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कलेनं भरून निघत नाही, ती म्हणजे मालकी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. त्या कामात झाडं छाटली जातात आणि आगी लागतात, हे त्यांचं कारण. हातचं उत्पन्न सोडून बांबूवर भर दिला. असा निर्णय पथनाट्य बघून होत नाही. जंगल आपलं आहे हे कागदावर आल्यावर होतो. वर्धा जिल्ह्यातही ज्या गावाला हक्क मिळालेला आहे तिथून कलापथकानं सुरुवात करावी हे शहाणपणाचं. बाकी गावांत गाणं कितीही गोड असलं तरी 'जंगल सरकारचं, विझवू आम्ही?' हा प्रश्न पहिल्या रांगेतून येणारच, आणि तो प्रश्न चुकीचा नाही.

राहिला हिशेबाचा भाग. सरकारी कलापथकाचा हिशेब प्रयोगांत होतो: इतके प्रयोग, इतकी गावं, फलकासह छायाचित्रं. हा हिशेब मे महिन्यात निरुपयोगी असतो. त्याऐवजी गावानं मोजावं की किती मोहांखालचा पाला झाडला गेला, जंगलालगतच्या किती वावरांत पट्टा मारला गेला, 1926ला पहिला फोन किती मिनिटांत गेला. पावसाळ्यात शेतीची घाई ओसरली की हे आकडे नावांसकट गाण्यात घालून पोळ्याच्या दिवशी चावडीवर म्हणावेत. ज्यांची नावं राहतील ते शाहिराशी भांडायला येतील, आणि पुढच्या जानेवारीत खराटा घेऊन सर्वांत आधी तेच हजर होतील.